गाडीची वॉरंटी कागदावर टिकते

आपल्या समाजातील कापड व्यापारी, यंत्रमागवाले, फळांचे आडते, फर्निचरचे कारागीर, बेकरीवाले यांच्या दारात आज एखादी तरी गाडी उभी असते. कोणाची घरची मोटार, कोणाचा छोटा टेम्पो, कोणाची तीनचाकी. बहुतेकांनी ती हप्त्यावर घेतलेली असते. गाडी बंद पडली की माल अडतो, गिऱ्हाईक अडते. हप्ता मात्र अडत नाही, तो महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यातून जातोच.

नवीन गाडी घेताना आपण शोरूममध्ये किमतीची घासाघीस करतो, सीटकव्हर आणि चटया फुकट मागून घेतो. वॉरंटीचे पुस्तक मात्र न उघडता डॅशबोर्डच्या खणात टाकतो. वास्तविक वॉरंटी ही कंपनीने दिलेली बक्षिसी नाही. तिचे पैसे गाडीच्या किमतीत आपल्याकडून घेतलेले असतात. पैसे मोजून घेतलेला माल ताब्यात न घेता दुकानात सोडून येणारा व्यापारी आम्ही अजून पाहिलेला नाही. वॉरंटीच्या बाबतीत मात्र आपल्यातील पुष्कळ जण नेमके तेच करतात. गाडीची देखभाल नीट होत नाही असे नाही. देखभाल होते, तिचा कागद राहत नाही.

याचे कारण आपल्या धंद्याच्या रीतीत आहे. आमचा कापडाचा बाजार पिढ्यान्‌पिढ्या जबानीवर चालला. फोनवर भाव ठरतो, माल निघतो, पैसे वायद्याला येतात. शब्द फिरवणाऱ्याची बाजारातून इज्जत जाते, म्हणून शब्द पाळला जातो. पण हे समोरासमोरच्या ओळखीत चालते. गाडीची कंपनी आपल्याला ओळखत नाही. तिच्या दफ्तरात आपण म्हणजे एक चासी नंबर आणि एक इंजिन नंबर. तेथे जबान चालत नाही, कागद चालतो.

वॉरंटीत काय येते, काय येत नाही

वॉरंटी म्हणजे ठरावीक मुदतीत कारखान्यातील दोषामुळे एखादा भाग बिघडला तर तो दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचा करार. वापराने झिजणाऱ्या वस्तू, जसे ब्रेक लायनर, क्लच प्लेट, वायपर, फिल्टर, बल्ब, सहसा त्यात येत नाहीत. टायर आणि बॅटरी यांची वॉरंटी बहुधा ज्याने त्या बनवल्या त्या कंपनीची वेगळी असते. अपघाताचे किंवा पुराच्या पाण्याचे नुकसान हा इन्शुरन्सचा विषय आहे, वॉरंटीचा नव्हे. क्षमतेपेक्षा जास्त भार, भेसळीचे इंधन, वायरी कापून बसवलेले हॉर्न आणि दिवे, बाहेर बसवलेले गॅस किट ही वॉरंटी नाकारण्याची नेहमीची कारणे आहेत. मालाच्या टेम्पोवाल्यांनी भाराचा मुद्दा विशेष लक्षात ठेवावा. बिल्टीवर लिहिलेले वजन हाही एक पुरावाच असतो.

मुदत 'इतकी वर्षे किंवा इतके किलोमीटर, जे आधी होईल ते' अशी लिहिलेली असते. यातील शेवटचे शब्द महत्त्वाचे. समजा, वॉरंटी ३ वर्षे किंवा १,००,००० किलोमीटर आहे. टेम्पो रोज १५० किलोमीटर धावतो आणि महिन्यात २५ दिवस रस्त्यावर असतो. म्हणजे महिन्याला ३,७५० किलोमीटर झाले. या हिशोबाने लाखाचा आकडा २७ व्या महिन्यात पुरा होतो. मालक तीन वर्षांच्या भरवशावर राहतो आणि वॉरंटी सव्वादोन वर्षांतच संपते. सर्व्हिसिंगचेही तसेच. '१०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष' असे लिहिले असेल आणि घरची मोटार वर्षात चारच हजार धावली, तरी वर्ष भरताच सर्व्हिसिंग करणे भाग आहे. 'गाडी चाललीच कुठे?' हे उत्तर कंपनी ऐकत नाही.

वाद कोठे होतो

वाद बहुतेक वेळा ऑइलवरून होतो. इंजिनातील ऑइल ठरलेल्या मुदतीत बदलले नाही तर ते जळून घट्ट होते, त्याचा गाळ बारीक नळ्यांत बसतो, बेअरिंगपर्यंत ऑइल पोहोचत नाही आणि एक दिवस इंजिन जाम होते. पण ऑइल पंपातच कारखान्याचा दोष असेल तरीही इंजिन असेच जाम होते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. म्हणून सर्व्हिस सेंटरचा माणूस बॉनेट उघडण्याआधी विचारतो, 'मागचे ऑइल कधी बदलले? किती किलोमीटरवर? कोणत्या ग्रेडचे? बिल दाखवा.'

आमच्या बाजारात घडलेल्या दोन गोष्टी सांगतो. एका व्यापाऱ्याच्या टेम्पोचे इंजिन वॉरंटीच्या मुदतीत जाम झाले. ऑइल वेळेवर बदललेले होते. मोहल्ल्यातील मिस्त्रीनेच बदलले होते, आणि मिस्त्री जाणकार. पण ऑइलचा डबा रोखीने आणला, मजुरी हातात दिली, सगळे तोंडी. कंपनीने 'देखभालीचा पुरावा नाही' असे लिहून क्लेम परत केला. मिस्त्री साक्ष द्यायला स्वतः गेला. त्याचे म्हणणे ऐकून घेतले गेले, पण लिहून घेतले गेले नाही. नवीन इंजिनाचा खर्च मालकाच्या माथी बसला, आणि तो टेम्पो महिनाभर उभा राहिला तो वेगळाच.

दुसऱ्या व्यापाऱ्याच्या गाडीचा गिअर अडकत होता. तो मुदतीत तीन वेळा सर्व्हिस सेंटरला गेला. तिन्ही वेळा 'पाहिले, ठीक आहे' असे सांगून गाडी परत दिली. चौथ्या वेळी गिअरबॉक्स उघडावा लागला, तेव्हा वॉरंटी संपून महिना झाला होता. प्रथम नकारच मिळाला. पण त्याच्याकडे तिन्ही वेळची जॉबकार्डे होती आणि तिन्हींवर तीच तक्रार लिहिलेली होती. दोष मुदतीत सुरू झाला आणि मुदतीत कळवला, हे कागदाने सिद्ध झाले. गिअरबॉक्स वॉरंटीत बदलून मिळाला.

दोन्ही मालक प्रामाणिक होते. फरक कागदाचा होता.

कोणते कागद जपावेत

हे काम अवघड नाही. दुकानाची रोजमेळ लिहिणाऱ्याला तर अजिबात नाही. खालील कागदांची एक फाईल करावी.

१) गाडीचे मूळ बिल, डिलिव्हरीची तारीख असलेला कागद आणि वॉरंटीचे पुस्तक. वॉरंटी कोणत्या तारखेपासून धरायची हे पुस्तकात पाहून पहिल्या पानावर लिहून ठेवावे. वाढीव वॉरंटी घेतली असेल तर तिचे प्रमाणपत्र आणि तिच्या अटी वेगळ्या असतात, तेही याच फाईलमध्ये ठेवावे.

२) प्रत्येक सर्व्हिसिंगचे बिल. त्यावर गाडीचा नंबर, तारीख, मीटरचे किलोमीटर, केलेले काम, ऑइलचा ग्रेड व लिटर, बदललेल्या पार्टचा नंबर असावा. यातील काही राहिले असेल तर काउंटरवरून हलण्याआधी लिहून घ्यावे.

३) जॉबकार्डाची प्रत. बिल शून्य रुपयांचे असले तरी जॉबकार्ड घ्यावेच, कारण तक्रार त्यावर असते. तक्रार आपल्या शब्दांत लिहवून घ्यावी. 'जनरल चेकअप' असे मोघम लिहू देऊ नये. 'थंड असताना दुसरा गिअर पडत नाही' असे नेमके लिहवावे. कोऱ्या जॉबकार्डावर सही करू नये. मराठी-उर्दूत शिकलेल्या आपल्यापैकी अनेकांना इंग्रजी कागदावर सही करताना विचारायला संकोच वाटतो. संकोच करू नये. काय लिहिले ते वाचून दाखवायला सांगणे हा आपला हक्क आहे.

४) ऑइल, फिल्टर, बॅटरी, टायर बाहेरून घेतले तर त्यांची पक्की बिले. ऑइलच्या डब्यावरील ग्रेड आणि बॅच नंबर यांचा मोबाइलवर फोटो काढावा. पार्टच्या खोक्यावरील नंबराचाही काढावा.

५) कंपनीने नकार दिला तर तो लेखी मागावा. तोंडी नकार म्हणजे पुढच्या दाराला लावलेले कुलूप. लेखी देत नसतील तर आपणच ई-मेल किंवा रजिस्टर पत्र पाठवून 'अमुक तारखेला अमुक कारण सांगून नकार दिला' असे कळवावे आणि पोच जपावी.

फाईलच्या वर एक साधी वही असावी. तिच्यात सहा रकाने आखावेत: तारीख, किलोमीटर, काम, ऑइल किंवा पार्ट, बिल नंबर, कोणी केले. एका नोंदीला दोन मिनिटे लागत नाहीत. मात्र ती त्याच दिवशी करावी. सहा महिन्यांनी एका बैठकीत, एकाच पेनाने लिहिलेली वही कोणीही ओळखतो, आणि मग खऱ्या नोंदींवरचाही विश्वास जातो.

एक इशारा. आजकालची मशीनची बिले ज्या चकचकीत कागदावर निघतात, त्यावरची अक्षरे उष्णतेने उडून जातात. गाडीच्या खणात ठेवलेले असे बिल एका उन्हाळ्यात पांढरे होते. म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढावी किंवा फोटो काढून घरातील दुसऱ्या एखाद्याच्या मोबाइलवरही पाठवावा. विजेवर चालणाऱ्या अनेक मोटारींच्या बॅटरीवर ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर अशी लांब वॉरंटी मिळते. इतकी वर्षे कागद टिकवायचा तर फाईल घरात हवी, गाडीत नव्हे. पैसेही शक्य तो चेकने किंवा मोबाइलवरून द्यावेत. बँकेच्या उताऱ्यावरील तारीख कोणाला बदलता येत नाही.

बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले तर

हा प्रश्न आपल्या समाजाला दोन्ही बाजूंनी लागू आहे. गाड्यांचे मालक आपणच आणि कुर्ल्यापासून मालेगावपर्यंत गॅरेजात हात काळे करणारे मिस्त्रीही पुष्कळ आपलेच. 'बाहेर हात लावला की वॉरंटी गेली' असे सरसकट सांगितले जाते. ते कितपत खरे?

शमशेर कटारिया यांनी २०११ मध्ये केलेल्या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी निकाल दिला. १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. स्पेअर पार्ट आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे हा त्यातील मुख्य आक्षेप होता. त्याच निकालात आयोगाने म्हटले की, ग्राहकाने स्वतंत्र गॅरेजमध्ये काम करून घेतले एवढ्यावरून वॉरंटी सरसकट रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. पुढे कंपन्या या निकालाविरुद्ध अपिलात गेल्या. म्हणून हा निकाल खिशात आहे या भरवशावर पुस्तकातील अटींकडे पाठ फिरवणे शहाणपणाचे नाही.

आमचा सल्ला व्यवहारी आहे. वॉरंटी चालू असेपर्यंत ठरलेल्या सर्व्हिसिंग पुस्तकात सांगितल्याप्रमाणे कंपनीच्या अधिकृत सेंटरमध्येच कराव्यात. पहिल्या काही सर्व्हिसिंगला मजुरी नसते, ऑइल-फिल्टरचेच पैसे पडतात. ती संधी दवडू नये. पंक्चर, बल्ब, ब्रेकची सफाई अशी किरकोळ कामे मोहल्ल्यात करावीत, पण बिलासह. वाटेत गाडी बंद पडून बाहेर काम करावे लागले तर तारीख, जागा, कारण आणि बिल यांची नोंद ठेवून पहिल्या संधीला सेंटरला कळवावे. वॉरंटी संपल्यावर मोहल्ल्याचा मिस्त्री आहेच, आणि पुष्कळदा तोच जास्त मनापासून काम करतो.

मिस्त्री बांधवांना दोन शब्द

कच्च्या चिठ्ठीने गिऱ्हाइकाचे नुकसान होते, तसे मिस्त्रीचेही होते. वर सांगितलेल्या टेम्पोच्या मिस्त्रीचे काम चोख होते, पण त्याच्याकडे बिलबुक नव्हते. त्या प्रसंगानंतर बाजारातील चार गाड्या त्याच्या दारातून निघून गेल्या. हाताचा हुनर असूनही रोजी गेली, ती एका कागदासाठी.

कापडाच्या धंद्यात आम्ही हे रोज पाहतो. प्रोसेस हाऊसमधून रंगून आलेल्या ताक्यात डाग निघाला, तर चलनावर लॉट नंबर आणि ताका नंबर असेल तर दाद मिळते. नंबर नसेल तर रंगारी म्हणतो माल आमचा नाही, विणणारा म्हणतो दोष सुताचा. नंबर हीच मालाची ओळख. गाडीच्या कामाचेही तसेच आहे.

म्हणून छापील बिलबुक करून घ्यावे, कार्बन कॉपीचे, ओळीने नंबर असलेले. गॅरेजचे नाव, पत्ता, शिक्का, गाडीचा नंबर, मीटर, काम, ऑइलचा ग्रेड, पार्टचा नंबर आणि सही. जीएसटीची नोंदणी नाही म्हणून बिल देता येत नाही, हा गैरसमज आहे. महाराष्ट्रात सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी सक्तीची नाही. अशा गॅरेजने जीएसटी आकारू नये एवढेच, पण बिल जरूर द्यावे. काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाला परत दाखवावा आणि बिलावर 'जुना पार्ट परत दिला' असे लिहावे. डुप्लिकेट पार्ट बसवायचा असेल तर तोही गिऱ्हाइकाला सांगूनच आणि बिलावर लिहूनच. ज्या गॅरेजचे बिल कोणासमोरही ठेवता येते, त्या गॅरेजकडे मोठे गिऱ्हाईक न भिता येते.

दाद कोठे मागावी

कागद पुरे असूनही कंपनी ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. काही तक्रारी तेथेच मिटतात. न मिटल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगात चालते. ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आपण राहतो किंवा धंदा करतो तेथील आयोगात तक्रार करता येते, म्हणजे मालेगावच्या माणसाला कंपनीच्या शहरात जावे लागत नाही, नाशिक पुरे. 'ई-जागृती' या सरकारी पोर्टलवरूनही तक्रार दाखल होते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, ती चुकवू नये. दोष कारखान्याचा की वापराचा हे तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग प्रयोगशाळेकडून तपासणी करवू शकतो.

व्यापाऱ्यांसाठी येथे एक खाच आहे. धंद्यासाठी, म्हणजे व्यापारी हेतूने, घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्यात 'ग्राहक' ठरत नाही. पण स्वतःच्या रोजीसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेल्या वस्तूला कायद्यानेच सूट दिली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात हे उदाहरण देऊन स्पष्ट केले. पोट भरण्यासाठी रिक्षा घेऊन ती स्वतः चालवणारा किंवा ट्रक घेऊन स्वतः वाहतूक करणारा ग्राहकच आहे. तेव्हा एकच टेम्पो असलेल्या आणि तो स्वतः चालवणाऱ्या बांधवाने 'धंद्याची गाडी आहे, कोर्ट ऐकणार नाही' असे समजून घरी बसू नये. गाडीच त्याच्या रोजीचे साधन आहे, हे दाखवणारे कागदही याच फाईलमध्ये ठेवावेत. ज्यांच्याकडे पाच-सहा गाड्या आणि पगारी ड्रायव्हर आहेत, त्यांनी मात्र आधी वकिलाचा सल्ला घ्यावा.

शेवटी फायद्याची आणखी एक गोष्ट. गाडी विकताना अशी वही आणि फाईल समोर ठेवली की घेणारा मीटरच्या आकड्यावर शंका घेत नाही आणि भाव पाडून मागायला त्याला जागा राहत नाही. वॉरंटी शिल्लक असेल आणि नियमात बसत असेल तर ती नव्या मालकाच्या नावे करून देता येते, त्याचाही मोबदला मिळतो.

आपल्या दुकानात दिवसाचा गल्ला मोजल्याशिवाय आपण कुलूप लावत नाही. लाखो रुपयांची गाडी दारात उभी आहे, तिचा हिसाबही त्याच वेळी लिहावा. ज्यांची गाडी वॉरंटीत आहे त्यांनी आजच वॉरंटीचे पुस्तक काढून मुदतीची तारीख, किलोमीटर आणि पुढच्या सर्व्हिसिंगचा दिवस वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. मागची बिले सापडत नसतील तर सर्व्हिस सेंटरकडून गाडीच्या नंबरावर जुन्या कामांचा उतारा मागावा. तो त्यांच्या संगणकात असतो आणि मागितला तर मिळतो.